उताऱ्याच्या पुढची गोष्ट

सुला केदारेला इंग्रजी येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. येत होतं. फक्त परीक्षेला लागतं तसं येत नव्हतं, आणि सरकारला नेमकं परीक्षेचंच लागतं, त्याला कोण काय करणार!

तिचा नवरा सावळीराम नाशिकात, द्वारका चौकाच्या अलीकडे एका सरकारी कचेरीत कारकून होता. माणूस नेटका. शर्टाची कॉलर कधी मळलेली नाही, की शाईचा डाग कधी खिशाला नाही. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात ताप आला, तो डोक्यात गेला आणि आठवडा उलटायच्या आत माणूस गेलासुद्धा. मूलबाळ नव्हतं. त्याच्या जागी घरातल्या कुणाला तरी नोकरी द्यायची म्हटल्यावर येवल्याहून धाकटा दीर धावत आला. ‘वहिनी, तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला कशाला कचेरी? सही करा, मी सांभाळतो तुम्हाला,’ म्हणाला. सुला म्हणाली, ‘मी माझी सांभाळते.’ झालं! त्या दिवसापासून येवल्याच्या घराचं दार बंद. लग्नपत्रिकासुद्धा येईना. माहेरी आईवडील राहिले नव्हते. एक भाऊ होता तो भुसावळला रेल्वेत, दिवाळीला पोस्टकार्ड टाकायचा, त्यात खुशालीच्या वर काही नसायचं.

पण सुला शिकलेली नववी. नववीवर कारकून कोण करतो? शिपाई म्हणून घेतलं. म्हणजे ज्या कचेरीत नवरा खुर्चीवर बसायचा तिथंच ती सकाळी टेबलं पुसणार, माठ भरणार, फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेणार. सावळीरामच्या टेबलावर आता दुसरा माणूस बसत होता. तो वाईट नव्हता बिचारा. पण ते टेबल पुसताना सुलाचा हात रोज जड व्हायचा, आणि कुणी बघत नाही ना हे ती रोज बघायची.

कचेरीचे मोठे साहेब भला माणूस. ते म्हणाले, ‘सुलाबाई, एसएससी व्हा. कारकुनाची जागा मी तुमच्यासाठी वर लिहून राखून ठेवतो. पण दोनच संधी. मार्च आणि ऑक्टोबर. त्यानंतर माझ्या हातात नाही.’ म्हणजे काय ते तिला नीट कळलं. पास झाली तर टेबल, नाही झाली तर जन्मभर फडकं.

तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून बसणाऱ्यांचा हाच रस्ता. इतिहास, भूगोल, मराठी यांचं तिला काही वाटेना. गणित रडतखडत का होईना जमत होतं. इंग्रजीनं मात्र नाकी नऊ आणले. द्वारकेच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तिने गाईड आणलं, मुखपृष्ठ फाटलेलं, पण आतली पानं शाबूत. मग काय विचारता! माठ भरताना शब्द, झाडून घेताना शब्द. ब्रूम, बकेट, लॅडर, कबर्ड. रस्त्यानं जाताना ट्रकच्या मागे लिहिलेलं वाचायची. वस्तीतल्या आपल्या एका खोलीत संध्याकाळी भिंतीला टेकून बसायची आणि प्रश्नही स्वतःच विचारायची, उत्तरही स्वतःच द्यायची. ‘व्हेअर आर यू गोइंग?’ ‘आय ॲम गोइंग टू द मार्केट.’ शेजारची माणसं चांगली होती. बुद्धपौर्णिमेला विहारात तिला पुढं बसवायची, खीर द्यायची. पण दिवे लागले की ज्याचं त्याचं दार, ज्याचा त्याचा संसार. सुलाला तिच्याच इंग्रजीचा आवाज चारी भिंतींवरून परत ऐकू यायचा. काळ शिकताना गाईडात वाक्यं होती, ही गोज, ही वेंट, ही हॅज गॉन. तिसऱ्यापाशी आली की ती पुस्तक मिटायची आणि चूल पेटवायला उठायची.

आता कुसाबाईचं सांगायला हवं, कारण तिच्यावाचून ही गोष्ट होतच नाही. कुसाबाई त्याच कचेरीत झाडूवाली. सिन्नरकडची, साठीला आलेली, तोंडानं फटकळ आणि तितकीच मायाळू. अक्षराशी तिचा संबंध पगाराच्या अंगठ्यापुरता. दुपारी मागच्या अंगणात, निंबाखाली, दोघी डबा खायच्या. सुला जेवता जेवता गाईड उघडून बसलेली पाहून एक दिवस कुसाबाईनं विचारलं, ‘काय पुटपुटतीस गं? मंतर हाय का काय?’

‘गोष्ट आहे, मावशी. उतारा म्हणतात याला. गोष्ट वाचायची आणि खाली विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं लिहायची.’

‘मंग सांग की मला. मला बी कळू दे इंग्रजांची गोष्ट.’

सुलानं सांगितली. एक वाटसरू बर्फात वाट चुकतो. ‘बर्फ म्हंजी गोळ्यावाल्याचं?’ ‘तसंच, पण सगळीकडं, गुडघ्याएवढं.’ ‘अगं बाई!’ मग त्याला लांब एक दिवा दिसतो. तो धडपडत तिथं जातो, दार वाजवतो. एक म्हातारी दार उघडते.

‘मंग?’

‘मग काय? संपला उतारा.’

कुसाबाईचा घास हातातच राहिला. ‘आत घेतलं का नाय त्याला?’

‘ते नाही दिलेलं.’

‘नाय दिलेलं म्हंजी? अशी अर्ध्यात सांगत्यात व्हय गोष्ट? तो तिकडं गारठून मरंल आन तू हितं खुशाल भाकर खातीस!’ म्हातारी खरोखरच रागावली. डबा बांधून उठून गेली.

तुम्हीच सांगा, तिचं काय चुकलं? परीक्षेचे उतारे असेच असतात. कुठल्या तरी पुस्तकातून मधलाच तुकडा कापलेला, ना शेंडा ना बुडखा. परीक्षा घेणाऱ्याला त्याचं काही नसतं. पण ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो त्याचं काय?

त्या संध्याकाळी सुला खोलीवर आली ती वाटसरूचा विचार करतच. म्हातारीनं घेतलं असेल का त्याला आत? तिच्या घरात आणखी कोण असेल? भाकरी थापता थापता तिला दिसलं, की म्हातारीचा एक मुलगा होता, तो असाच बर्फात वाट चुकून गेला होता, आणि त्याचं घोंगडं तिनं खुंटीवर तसंच ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कुसाबाईला सांगितलं, ‘घेतलं मावशी आत. चुलीपुढं बसवलं, आणि मुलाचं घोंगडं दिलं.’ कुसाबाईनं पदरानं डोळे पुसले. ‘दिलं ना? मला वाटलंच व्हतं. बाई हाय ती, किती केलं तरी.’

मग हे रोजचंच झालं. गाईडातला उतारा सुला आदल्या दिवशी सांगायची आणि ‘मंग फुडं?’ याचं उत्तर दुसऱ्या दिवशी घेऊन यायची. खोलीतली संध्याकाळ तिला एवढी लांब वाटेनाशी झाली. वाटसरू यायचा, म्हातारी यायची, कुठल्या कुठल्या गावचे डॉक्टर, खलाशी, मेंढपाळ यायचे. कधी तर ती एकटीच हसायची. शेजारणीला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. दोन वर्षांत पहिल्यांदा सुलाला संध्याकाळची भीती वाटत नव्हती, एवढंच झालं होतं.

सगळ्यांत लाडका होता मिस्टर ब्राऊन. कुसाबाई त्याला ब्राऊन्या म्हणायची. हा ब्राऊन्या विसराळू. लांबच्या गावी बहिणीला भेटायला जातो, परत निघतो, स्टेशनावर आल्यावर त्याला आठवतं की छत्री बहिणीकडंच राहिली. बाहेर पाऊस. तो भिजत परत जातो आणि दार वाजवतो. संपला उतारा. कुसाबाई लगेच म्हणाली, ‘विसराळू कसला! मुद्दाम ठिवली आसंल त्यानं. परत जायला काय तरी निमित्त नको?’ सुलाला हे इतकं पटलं की दोघींनी मिळून ब्राऊन्याची पुढची गोष्ट चांगली चार दुपारी रंगवली. बहीण विधवा होती. एकटी राहत होती. भाऊ निघाला तेव्हा ती दारात उभी राहिली पण काही बोलली नाही. ते त्याला स्टेशनपर्यंत टोचत राहिलं. छत्री हे आपलं सांगायला. मग तो राहिला आणखी आठ दिवस. बहिणीनं त्याला पुरणपोळी करून घातली. इंग्रजाला पुरणपोळी कशी आवडली ते कुसाबाईनं सांगितलं, कारण त्यातलं सुलाला काही ठाऊक नव्हतं.

मार्चची परीक्षा झाली. सुला पेपर देऊन आली ती नाचतच. ‘मावशी, ब्राऊन्या आला होता पेपरात!’

‘आपला ब्राऊन्या? छत्रीवाला?’

‘तोच! शब्द न् शब्द तोच उतारा! मी तर डोळे मिटून लिहिलं.’

दोघींनी त्या दिवशी हॉटेलातून भजी आणवली. निकाल लागला. सगळे विषय सुटले, इंग्रजीत एकोणतीस. पस्तीसला पास.

सुलाचा विश्वास बसेना. ती रडली नाही, माठ भरायला गेली. कचेरीत श्यामलाताई म्हणून टायपिस्ट होत्या. सरळ पाठीच्या, कमी बोलणाऱ्या, इंग्रजी एकदम चोख. त्यांनी तिला बोलावून घेतलं. ‘सुलाबाई, काय लिहिलंत ते आठवतंय का? मला सांगा बघू.’

सुलाला सगळं आठवत होतं. प्रश्न होता, मिस्टर ब्राऊन परत का गेला?

‘काय लिहिलंत?’

‘बहीण एकटी होती म्हणून.’

श्यामलाताईंनी चष्मा काढला. ‘आणि तो कसा माणूस होता, असं विचारलं असेल. त्याला?’

‘ही वॉज ए व्हेरी गुड ब्रदर.’

‘विसराळू नाही लिहिलंत?’

‘तो विसराळू नाहीच आहे, ताई. ते नाटक होतं त्याचं.’

‘कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘कुसामावशीनं.’

श्यामलाताई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. दुसरं कुणी असतं तर कचेरीभर झालं असतं. त्यांनी गाईड उघडून बर्फातल्या वाटसरूचा उतारा काढला आणि तिला तोंडी प्रश्न विचारले. सुलानं घोंगड्यासकट उत्तरं दिली. ‘हा मुलगा कुठून आला?’ श्यामलाताईंनी विचारलं. ‘वारला तो,’ सुला म्हणाली. ‘कधी?’ ‘मी भाकरी थापत होते तेव्हा.’ हे बोलल्यावर तिचं तिलाच कळलं, आणि कानशिलं तापली. एवढी वर्षं पाटीपुस्तकापासून लांब राहिलेली बाई, तिला काय ठाऊक, की परीक्षेत कळलेलं लिहायचं नसतं, दिलेलं लिहायचं असतं!

‘हे बघा,’ श्यामलाताई म्हणाल्या, ‘तुमचं व्याकरण ठीक आहे. शब्दही आहेत. मार्क गेले ते इथं गेले. आजपासून एक करायचं. उत्तर लिहायच्या आधी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवायला ओळ सापडली तरच लिहायचं. नाही सापडली तर ते उत्तर तुमच्या मनातलं. आणि रागावू नका, पण ऑक्टोबरपर्यंत ते दुपारचं गोष्टी सांगणं बंद करा. ते डोक्यात मिसळतं.’

शेवटची संधी होती. सुला दुपारी कुसाबाईला म्हणाली, ‘मावशी, आता ऑक्टोबरपर्यंत गोष्टी नकोत.’ कारण सांगितलं. कुसाबाई ऐकून घेऊन म्हणाली, ‘म्हंजी माझ्यापायी इंग्रजीत गेलीस व्हय तू?’

‘तसं नाही, मावशी.’

‘तसंच हाय. शीक बाई, शीक. मी आता त्वांड उघडत नाय.’ आणि तिनं खरोखरच उघडलं नाही. फटकळ माणसाचा अबोला फार वाईट. निंबाखाली दोघी बसायच्या, एक बोट ठेवून वाचतेय, दुसरी मिश्री लावत भिंतीकडं बघतेय. सुला काही विचारायला गेली तर म्हातारी हातानंच ‘वाच, वाच’ अशी खूण करायची.

बोट ठेवणं सुरुवातीला फार जड गेलं. उतारा संपला की तिचं मन पुढं पळायचंच. ती स्वतःला चिमटा काढायची. ओळ कुठंय? बोट कुठंय? पावसाळाभर हे चाललं. हळूहळू मन पळेनासं झालं. उतारा संपला की संपला. खलाशी बुडत्या जहाजावर उभा असला तरी ती प्रश्न क्रमांक पाचकडं वळायची. श्यामलाताई उत्तरं तपासायच्या आणि म्हणायच्या, ‘शाबास. आता जमलं.’ आणि खोलीवरची संध्याकाळ पुन्हा आधीसारखी झाली. आधीसारखीही नाही. आधी निदान वाट बघायला काही नव्हतं म्हणून चालून जायचं. आता तिला माहीत झालं होतं की खोली भरलेली कशी असते. भाकरी थापताना ती कुणाला तरी बोलवायचा प्रयत्न करायची, पण कुणी येईना. मग ती क्रियापदांची रूपं म्हणायची, मोठ्यानं, नुसता आवाज असावा म्हणून.

ऑक्टोबरचा पेपर झाला. या वेळी ती नाचत आली नाही. ‘बरा गेला,’ म्हणाली आणि फडकं घेऊन टेबलं पुसायला लागली. निकालात इंग्रजीला सत्तेचाळीस! साहेबांनी स्वतः पेढे वाटले. श्यामलाताईंनी तिचा हात हातात घेतला, त्यांचे डोळे भरून आले होते. कुसाबाईनं तर कचेरीच्या दारात उभं राहून तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, साहेब बघत असताना. सुला त्या दिवशी खरोखर सुखात होती, हे खोटं नाही.

साहेबांनी जागा राखली होती ती राखलीच. पण सरकारी खातं ते, हुकूम निघाला हरसूलच्या कचेरीत. नाशिकला जागा नव्हती. सावळीरामच्या टेबलाचं तर नावच नको. तिनं एक ट्रंक आणि एक वळकटी बांधली आणि ऐंशी सालच्या जानेवारीत एका सकाळी स्टँडवर आली. सोडायला कुसाबाई आली होती. हातात भाकरी आणि ठेचा बांधलेलं फडकं.

एसटी लागलेली होती, ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. सुला खिडकीत बसली, कुसाबाई खाली उभी राहिली. आता बोलायचं काय? इतके महिने गप्प राहून दोघींची बोलायची सवयच मोडली होती. शेवटी कुसाबाईच म्हणाली, ‘सुले, आता झाली ना परीक्षा? आता इचारू का?’

‘काय, मावशी?’

‘औंदा पेपरात कोण आलं व्हतं?’

सुलाला बरं वाटलं. ती खिडकीतून वाकली. ‘एक नावाडी होता. नदीवर पूल झाला, म्हणून त्याच्या नावेत कुणी बसेना. तरी तो रोज काठावर जाऊन बसायचा. लोक हसायचे त्याला. एकदा अंधार पडताना पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक मारली, नाव आणा म्हणून. त्यानं नावेची दोरी सोडली.’

कुसाबाई टाचा उंचावून उभी होती. तिचा चेहरा त्या निंबाखालच्यासारखाच झाला होता. ‘मंग? कोण व्हतं पल्याड?’

‘ते नव्हतं दिलेलं.’

‘नसू दे. तू सांग की.’

सुला बोलायला गेली. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पलीकडं कोण होतं? तिनं डोळे मिटून बघितलं. नदी होती, नाव होती, सोडलेली दोरी होती. पलीकडचा काठ दिसेना. पेपर लिहिताना तिच्या मनात हा प्रश्न आलासुद्धा नव्हता, हे तिला आत्ता कळलं. कुसाबाई वाट बघत होती. ड्रायव्हर आला, दार आपटलं, कंडक्टरनं घंटी मारली.

‘मावशी, मी सांगते. पुढच्या वेळी येईन ना, तेव्हा सांगते.’

‘सांग हां,’ कुसाबाई म्हणाली. गाडी हलली तशी ती दोन पावलं बरोबर चालली. ‘आन ऱ्हाऊ दे नाय सुचलं तर. नाव नेली ना त्यानं, तेवढं बास हाय.’

त्र्यंबकच्या पुढं रस्ता डोंगरात शिरला. गाडीत बाजारची माणसं होती, कोंबड्या होत्या, कुणाचं तरी पोर रडत होतं. सुला नावाड्याच्या मागं लागली होती. त्याची बायको असेल पलीकडं, असं तिनं म्हणून पाहिलं. मुलगा असेल. पूल माहीत नसलेला कुणी परका असेल. पण प्रत्येक वेळी तिचं बोट मांडीवर आपोआप सरकायचं, ओळ शोधायचं, आणि ओळ नसली की तो माणूस पुसला जायचा. हरसूल यायच्या आधी तिनं प्रयत्न सोडला आणि मग ती रडली, सावळीराम गेल्यानंतर पहिल्यांदाच एवढी. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘कोन गेलं का गं, बाई?’ सुलानं मान हलवून नाही म्हटलं.

हरसूलला तिला स्वतःचं टेबल मिळालं, खुर्ची मिळाली. शिपाई सकाळी टेबल पुसून ठेवायचा. दुपारी ती त्या टेबलाशीच डबा उघडायची. कचेरीतली बाकीची माणसं जेवायला घरी जायची.